बियाणें कोणाच्या घरचें?

चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविला, कीं चातुर्मासांत सोडलेलें वांगें पुष्कळ घरांतून पुन्हां पानांत येतें. खानदेशांत भरिताचें कौतुक विशेष, आणि त्यांतहि जळगांवजवळच्या असोद्याच्या वांग्याचें. फिकट हिरवें, मोठें, थोड्या बियांचें हें वांगें कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजतात. एकाच जाळावर भेटणाऱ्या या दोन पिकांची कथा मात्र अगदीं भिन्न आहे, आणि ती आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी अशी आहे.

एके काळीं सरकी राखून ठेवली, कीं पुढल्या पेरणीची तजवीज होत असे. संकरित वाण आले आणि ही वहिवाट मोडली. कारण संकरित पिकाचें बी पुन्हां पेरल्यास मूळ गुण टिकत नाहींत. मार्च २००२ मध्यें बोंडअळीस मारक द्रव्य स्वतःच निर्माण करणाऱ्या बीटी कपाशीस परवानगी मिळाली. जालन्याची महिको व अमेरिकेंतील मोन्सँटो यांच्या भागीदारीनें तें तंत्र आणलें, आणि इतर कंपन्या तें परवान्यानें घेऊं लागल्या. पाकिटांवर नांवें अनेक, पण आंतील गुण एकाच घरचा, व त्याचें स्वामित्वशुल्कहि त्याच घरीं जाणारें! प्रारंभीं फवारणी कमी झाली, पीक वाढलें, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली, आणि २०१७ सालीं तिनें महाराष्ट्रांत मोठें नुकसान केलें. तेव्हां मागें वळावें, तर बहुतेकांपाशीं घरचें बी उरलें नव्हतें.

याच सुमारास जगांतील व्यापारीहि एकमेकांस गिळीत होते. २०१७ सालीं डाऊ व ड्यूपाँट एक झाल्या, सिंजेंटा चीनच्या सरकारी कंपनीनें घेतली; २०१८ सालीं बायरनें मोन्सँटो विकत घेतली. बी विकणारा आणि कीटकनाशक विकणारा एकच झाला. विकणारे थोडे उरले म्हणजे घेणाऱ्याची निवड नांवापुरतीच राहते.

वांग्यावरहि हा प्रयोग व्हावयाचा होता. महिकोच्या बीटी वांग्यास ऑक्टोबर २००९ मध्यें सरकारी समितीनें संमति दिली. ९ फेब्रुवारी २०१० रोजीं मंत्री जयराम रमेश यांनीं त्यास स्थगिती दिली. गांवरान वांग्याचें बी राखणें अवघड नाहीं. झाडावरच पिकून पिवळें पडलेलें निवडक फळ फोडावें, बी धुवून वाळवावें, कीं झालें. २००१ च्या कायद्यानेंहि शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. २०१६ सालीं जळगांवच्या भरीत वांग्यास भौगोलिक मानांकन मिळालें, हें भूषणच. पण मानांकन नांवाचें रक्षण करतें, बियाण्याचें नव्हे.

कोणी म्हणेल, शहरांतील गृहस्थानें यांत काय करावें? आम्ही म्हणतों, पुष्कळ. एकसारखीं, चकचकीत, डाग नसलेलींच वांगीं हवींत असा आपला आग्रह असेल, तर शेतकरी तसलेंच बियाणें विकत आणणार. त्यापेक्षां भाजीवाल्यास जात विचारावी, किडका भाग कापून टाकावा, आणि घरच्या बियाण्याच्या मालास चार रुपये अधिक द्यावे. जें वांगें कोणी विकत घेत नाहीं, त्याचें बी कोणी राखीत नाहीं.