सरासरी २२ हजार, पण खर्च कुणाचा?

मंडळी, आधी एक छोटं गणित.

समजा, सात घरं आहेत. वर्षभराचा दवाखान्याचा खर्च असा : ३००, ४००, ५००, ६००, ८००, १,००० आणि सातव्या घराचा दीड लाख. सरासरी काढा, जवळपास २२ हजार येते. आता सांगा, या सातांत २२ हजार खर्च झालेलं घर कोणतं? एकही नाही. सहा घरं हजाराच्या आत निभावली आणि एक घर कर्जात गेलं. पण अहवालात छापून येतं, "सरासरी खर्च २२ हजार". आणि आम्ही पत्रकार तीच हेडलाईन करतो. मीही केली आहे, कबूल करतो.

हा विषय न्हावऱ्यात कशाला, असं कुणी म्हणेल. तर आपला शिरूर तालुका आरोग्य संशोधनात नवखा नाही. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्य केंद्र डॉ. बानू कोयाजींनी उभं केलं. पुढे त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वढूच्या कामात शिरूर-हवेलीतल्या २२ गावांतल्या घराघरांतून जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची वर्षानुवर्षं नोंद होते. म्हणजे जगभरच्या अभ्यासांना आकडे पुरवणारी माणसं आपलीच. मग त्या आकड्यांचं पुढे काय होतं, हे आपल्याला कळायला नको?

आकडे तपासायच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. पहिली पॅरामेट्रिक. यात आकड्यांचा आकार घंटेसारखा आहे, असं धरून चालतात : बहुतेक मधे, थोडे अलीकडे, तितकेच पलीकडे. नवजात बाळांची वजनं साधारण अशीच असतात. केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. आपल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. बाळ दिसायला बारीक, पण त्या मानाने अंगात चरबी टिकलेली. पुढच्या मधुमेहाचा धागा तिथूनच शोधला गेला. तिथे सरासरी बरोबर बोलली.

दुसरी रीत नॉन-पॅरामेट्रिक. यात घंटेचा आकार गृहीत धरत नाहीत. सगळे आकडे लहान ते मोठे एका रांगेत लावायचे आणि नंबर द्यायचे. बैलगाडा शर्यतीत नंबर कितवा ते बघतो ना, तसं. दीड लाखवाल्या घराला नंबर सातवा, बस्स. ते बाकीच्यांना ओढून नेत नाही. रांगेतला मधला आकडा म्हणजे मध्यक. आपल्या उदाहरणात ६०० रुपये. दोन गावांची तुलना करायची तर दोन्ही गावांची घरं एकाच रांगेत उभी करायची आणि वरचे नंबर एकाच गावाकडे जास्त जातात का ते बघायचं. विल्कॉक्सनने १९४५ साली आणि मान-व्हिटनी यांनी १९४७ साली मांडलेल्या चाचण्या याच तत्त्वावर चालतात.

दवाखान्याचं बिल, ॲडमिट राहिल्याचे दिवस, ॲम्ब्युलन्स यायला लागलेला वेळ, हे आकडे बहुधा एका बाजूला कललेले असतात. बहुतेक पेशंट दोन-तीन दिवसांत घरी, काही महिनाभर अडकलेले. तिथे नुसती सरासरी म्हणजे फसगत.

पण मध्यक म्हणजे देव नव्हे. "मधलं घर ६०० रुपयांत निभावलं" एवढंच छापलं, तर दीड लाखवालं घर कागदावरून गायबच झालं. खरं तर योजना त्याच्यासाठीच हवी. शिवाय एकूण निधी किती लागेल हे काढायला सरासरीच लागते, कारण सरासरी गुणिले घरं म्हणजे एकूण खर्च. आणि सर्वे करणारा डांबरी रस्त्यालगतचीच घरं विचारून परत गेला, वाडी-वस्तीवर आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेलाच नाही, तर कोणतीही रीत वापरा, उत्तर चुकणारच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आरोग्याचा कोणताही आकडा गावासमोर आला, तर चार गोष्टी मागा. किती घरं विचारली? कोणती सुटली? सरासरीसोबत मध्यक किती? आणि सगळ्यात जास्त झळ बसलेली घरं किती? हे एका पानात मावतं. ते पान ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावं, कारण माहिती आपण दिलेली आहे.

आणि आम्हा बातमीदारांनीही प्रेसनोटमधली सरासरी उचलण्याआधी एक फोन करून एवढं तरी विचारावं : साहेब, मधलं घर कुठं आहे आणि शेवटचं कुठं?

तुमच्या गावात आरोग्याचा सर्वे झाला होता का? त्याचा निकाल तुम्हाला कुणी सांगितला का? कमेंटमध्ये लिहा.

#न्हावरे #शिरूर #आरोग्य