आधी टाइल्स काढा? कशासाठी?

ब्रिटनमधल्या घरात, जमिनीखाली हीटिंग असलेल्या जुन्या टाइल्सवर व्हिनाइल टाकायचं म्हटलं, की पहिला सल्ला ठरलेला: आधी टाइल्स उखडा. टाइल्सखाली काय आहे, हे सल्लागाराने विचारलेलंच नसतं. विजेच्या हीटिंगची तार बहुधा टाइल चिकटवण्याच्या थरातच गाडलेली असते. छिन्नी चालली की टाइलबरोबर तारही गेली. धडधाकट यंत्रणा मोडून नवी बसवायची, याला दुरुस्ती कोण म्हणेल?

दुसरी ओरड, व्हिनाइल तापलं की बिघडतं. कोरियात जमीन तापवण्याची ‘ओंदोल’ ही पद्धत फार जुनी. तिथे तेल पाजलेल्या कागदाची जागा पुढे व्हिनाइलने घेतली, आणि माणसं त्यावर बसतात, निजतात. मर्यादा आहे, नाही असं नाही: बहुतेक उत्पादक पृष्ठभागाला २७ अंश सेल्सिअस सांगतात. (एप्रिलात नागपूरची फरशी हीटिंगवाचून याच्या पुढे जाते.)

उष्णता वर येणार नाही, ही तिसरी ओरड तर हिशेबातच बसत नाही. अडीच मिलिमीटर व्हिनाइलचा उष्णतारोध साधारण ०.०१५ m²K/W; हीटिंगवरच्या आच्छादनाला सहसा ०.१५ पर्यंत चालतो. जाड गालिचा आणि त्याखालचं अस्तर मिळून ही हद्द सहज ओलांडतात, पण त्याबद्दल कोणी हाकाटी करत नाही.

खरा घोळ घालतो तो साधा फोम. एकमेकांत अडकणारं ‘क्लिक’ व्हिनाइल आणायचं, खाली मऊ अंडरले पसरायचा आणि संध्याकाळपर्यंत मोकळं व्हायचं, हा झटपट मार्ग. त्यात उष्णता खालीच अडते आणि पायाखाली दबणाऱ्या फोमवर सांधे सैल होतात.

त्यापेक्षा प्रत्येक टाइल ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर ती पक्की करावी. तेलकटपणा आणि चकाकी घासून काढावी, कारण तेलकट, गुळगुळीत टाइलवर प्रायमरही नीट धरत नाही. मग प्रायमर लावून हीटिंगला चालणारं लेव्हलिंग कंपाउंड ओतावं, नाहीतर ग्राउटच्या रेषा पातळ व्हिनाइलमधून वर उमटतात. त्यावर उष्णता सोसणाऱ्या गोंदाने व्हिनाइल चिकटवावं. चिकटवण्याआधी आणि नंतर साधारण ४८ तास हीटिंग बंद, पुढे हळूहळू वाढवायची. थर्मोस्टॅट केवळ खोलीतली हवा मोजत असेल, तर २७ चा आकडा पाळणार कोण? जमिनीतला सेन्सर हवाच.

निम्म्या टाइल्स सुटल्या असतील किंवा खालून ओल येत असेल, तर मात्र उखडा. तिथे माझा वाद नाही. आणि उंची पाच-सहा मिलिमीटरने वाढणार आहे. दार तासता येतं, पण ओट्याखालचा डिशवॉशर नंतर बाहेर निघेल का, ते कंपाउंड ओतण्याआधी मोजा.