दुखणे थांबले म्हणजे बरे झाले असे नाही

हळद शिजवून वाळत पडली, रब्बीची सुगी आटोपली, की आपल्या हिंगोली जिल्ह्यात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांचे दिवस येतात. वसमत असो, कळमनुरी असो की सेनगाव, मैदानावर फक्त कॉलेजची पोरे नसतात. गॅरेज चालवणारे, शाळेत शिकवणारे, मोंढ्यात दिवसभर पोती उचलणारे, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले भाऊही हौसेने उतरतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायाला क्रेप बँडेज असते, आणि ते दरवर्षी त्याच पायाला असते. मागच्या वर्षी मुरगळलेला घोटा याही वर्षी मुरगळतो. भरून आलेली मांडी पहिल्याच चोरट्या धावेला पुन्हा धरते. आज आम्ही या 'पुन्हा'विषयी बोलणार आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वय झाले म्हणून खेळ सोडा, असा सल्ला आम्ही देणार नाही. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एक सुंदर प्रसंग आला आहे. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी पळण्याची शर्यत लावली आणि हजरत आयशा (रजि.) जिंकल्या. पुढे त्यांचे वजन वाढल्यावर पुन्हा शर्यत झाली. या वेळी प्रेषित (स.) जिंकले आणि मागच्या शर्यतीची ही फेड झाली, असे म्हणाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) पन्नाशी ओलांडलेली होती. म्हणजे चाळिशीनंतर पळणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, आणि घरातल्या भगिनींनी चालणे-पळणे हेही नवल नाही.

मग दुखापत पुन्हा पुन्हा का होते? मुख्य कारण असे की आपण दुखणे थांबले की बरे झालो असे समजतो. स्नायूचा तंतू तुटला की आठ-दहा दिवसांत वेदना कमी होते, पण आतली जखम तेव्हा कच्चीच असते. साध्या ताणाला दोन-तीन आठवडे लागतात, थोडा मोठा असेल तर महिना-दोन महिने. घोट्याचे तर आणखी वेगळे आहे. लिगामेंट ताणले गेले की पाय जमिनीवर नेमका कसा पडतोय, हे मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावते. सूज उतरते, पण तोल परत आलेला नसतो. त्यात उन्हाळ्यात भेगाळलेली आपली काळी माती! पाय जरा वाकडा पडला की झाले. आणि वय वाढेल तशी स्नायूंची ताकद व नसांची लवचिकता कमी होत जाते. जे विशीत आठवड्यात भरून येत होते, त्याला चाळिशीत अधिक दिवस द्यावेच लागतात.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण घ्या. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी त्याच्या मांडीच्या मागचा स्नायू दुखावला आणि १३.३ षटकांवर त्याची गोलंदाजी थांबली. त्याला मायदेशी परतावे लागले, घोट्याची शस्त्रक्रियाही झाली. पुढे संघातली जागा गेली. २०१३ मध्ये तो फ्रान्सला जाऊन अनेक आठवडे फक्त शरीराच्या तयारीसाठी राबला. या मेहनतीचे फळ असे की फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला, पस्तिसाव्या वर्षी, त्याने एका डावात ५१ षटके टाकून ५ बळी घेतले. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्त होताना त्याने कारण सांगितले, ते असे की दिवसाला अठराएक षटके टाकण्याचा भार आता खांदा सोसणार नाही. परत यायचे तर आधी शरीर घडवायचे, आणि शरीर 'नाही' म्हणाले की ऐकायचे, या दोन्ही गोष्टी त्याने केल्या.

आपल्याकडे फ्रान्स नाही, पण घराची पायरी आणि भिंत आहे. तेवढ्यावर बरेच काम होते.

दुखापतीनंतर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावा. पट्टी बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. या दिवसांत चोळणे, शेकणे, गरम लेप आणि पाय 'ओढून' घेणे टाळा. आंबेहळदीचा लेप घरोघरी लावतात, पण लेपाने तुटलेला तंतू लवकर जुळत नाही. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. गुडघा अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडेच जा.

सूज उतरली की खरे काम सुरू होते. भिंतीजवळ एका पायावर तीस सेकंद उभे राहा. पायरीवर टाचा उचला-टेकवा. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचला. हे रोज, दोन्ही पायांनी करा. अर्ध्या वेगाने पळून पाहा, मग पूर्ण वेगाने. दुखरा पाय चांगल्या पायाइतकाच भार घेतोय, अशी खात्री झाली की मगच मैदानात उतरा. सामन्याआधी दहा-बारा मिनिटे अंग गरम करा. गोळी खाऊन खेळणे मात्र पूर्ण बंद करा, कारण वेदना हा शरीराचा इशारा आहे आणि गोळी तो दाबून टाकते. चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. खेळताना छाती दाटून आली तर तिथेच थांबा आणि तडक दवाखाना गाठा.

पाच वेळची नमाज हाच व्यायाम, असे काही बंधू म्हणतात. नमाजने सांधे हलते राहतात हे खरे, पण नमाज ही इबादत आहे, जोरात पळण्याची ताकद वेगळ्या मेहनतीनेच येते. उलट गुडघा दुखावलेला असताना सजदा आणि कअदा यांत तो पूर्ण दुमडला जातो. अशा वेळी हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) दिलेली मुभा आठवावी. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. आपल्या आलिमांना विचारून ही सवलत घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी घराचा विचार. रोजंदारीवर जगणाऱ्याचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये गेला तर दुकान बंद पडते, मुलांच्या फीचे हप्ते थकतात आणि घराचा सगळा भार पत्नीवर येतो. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे आणि घरच्यांचाही, अशी शिकवण आपल्याला मिळालेली आहे. म्हणून एक स्पर्धा हुकली तरी हुकू द्या. गोलंदाजी झेपत नसेल तर यष्टीमागे उभे राहा, पंचगिरी करा, पोरांना शिकवा. एक मोसम थांबणारा पुढचे दहा मोसम मैदानावर राहतो.

अल्लाह आपणा सर्वांना सुदृढ शरीर आणि ते जपण्याची सुबुद्धी देवो. आमीन.