अँडोरा: परतीच्या दाराचा विचार आधी

फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये, पिरेनीज पर्वताच्या कुशीत अँडोरा हे चिमुकले राष्ट्र वसले आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ४६८ चौरस किलोमीटर. १२७८ च्या करारापासून येथे दोन सहराजांची प्रथा चालत आली असून, आज फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष व उर्गेलचे बिशप हे संयुक्त राष्ट्रप्रमुख आहेत. येथे चलन युरो असले तरी अँडोरा युरोपीय संघाचा सदस्य नाही व शेंगेन क्षेत्रातही मोडत नाही. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास सहकुटुंब सहल अर्ध्या वाटेत अडकू शकते.

पर्यटकाकडे अँडोरा स्वतःचा वेगळा व्हिसा मागत नाही. तथापि या देशात विमानतळ नाही, रेल्वेही नाही. बार्सिलोना किंवा तुलूझ येथून सुमारे तीन तासांचा बसप्रवास करून तेथे पोहोचता येते. म्हणून भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा आवश्यक ठरतो. अँडोरात पाऊल टाकताच प्रवासी नियमानुसार शेंगेनबाहेर जातो आणि परतताना त्याचा नव्याने प्रवेश होतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तो पहिल्या प्रवेशातच खर्ची पडलेला असतो. परतीचे विमान बार्सिलोनाहून आणि कुटुंब सीमेपलीकडे, असा प्रसंग उद्भवतो. नवा अर्ज साधारणतः राहत्या देशातूनच करावा लागत असल्याने तेथे त्यावर सहज उपायही नसतो.

यास्तव अर्जातच बहुप्रवेश व्हिसा मागावा. अँडोरातील हॉटेलचे आरक्षण आणि तेथून स्पेन वा फ्रान्समध्ये परतण्याचा दिवस प्रवासपत्रिकेत स्पष्ट दाखवावा. ज्या देशात मुक्काम अधिक, त्याच्याकडे अर्ज करावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी देता येतो. शुल्क प्रौढांस ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांस ४५ युरो. त्याहून लहान मुलांस माफ. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अँडोरा शेंगेनबाहेर असल्याने विम्याच्या कागदात त्याचाही समावेश आहे ना, हे पाहावे.

अँडोराची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. येथील सर्वसाधारण विक्रीकर अवघा ४.५ टक्के. परंतु स्वस्त मिळते म्हणून हात सैल सोडू नये. बाहेर पडताना जकात तपासणी होते. स्वतःच्या वापरासाठीच्या औद्योगिक वस्तूंना प्रौढामागे ९०० युरोंपर्यंतच सवलत आहे. १५ वर्षांखालील मुलांस त्याच्या निम्मी. पावत्या जवळ ठेवाव्यात. विक्रीसाठी नेलेल्या मालाला ही सवलत लागू होत नाही, हे व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

स्पेन वा फ्रान्समध्ये घेतलेले सिमकार्ड अँडोरात युरोपीय संघाच्या दरात चालत नाही. सीमेपूर्वीच डेटा बंद करावा.

शिदोरीबाबतही दक्षता हवी. भारतातून दूध व दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. त्यामुळे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. तेलावर भाजलेले खाखरे व भाजलेले पोहे न्यावेत. स्थानिक ‘त्रिनशात’ या पदार्थात कोबी व बटाट्याबरोबर डुकराचे मांस असते, म्हणून केवळ भाज्या दिसतात यावर विसंबू नये. स्वयंपाकघर असलेले निवासस्थान घेणे सोयीचे. जून महिन्यात तेथे सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास, तर डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी भोजनाची वेळ त्याप्रमाणे ठरवावी.

पासपोर्ट व्हिसासह परत येताच प्रत्येक सदस्याच्या स्टिकरवरील प्रवेशसंख्येचा रकाना स्वतः वाचावा. तेथे ‘०१’ असेल, तर अँडोराचा बेत वगळावा आणि तेवढे दिवस बार्सिलोनासाठी राखावेत.