दाढेची सूज आणि दुकानाची वेळ

तुर्भ्याच्या मसाला बाजारात लवंगेची पोती उतरतात आणि त्याच बाजारातील गाळ्यात कुणाची दाढ ठणकू लागली, की तीच लवंग दाढेखाली धरली जाते. उपाय खोटा नाही. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य वेदना काही काळ बधिर करते. दंतवैद्यही झिंक ऑक्साइडमध्ये तेच मिसळून दातातील तात्पुरती भर तयार करतात. मात्र लवंगेचे नुसते तेल हिरडीवर चोळल्यास हिरडी भाजते, आणि दाढेशी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरण्याची जुनी सवय तर त्याहून वाईट. शिवाय लवंगेने दुखणे थांबते, दुखण्याचे कारण थांबत नाही. व्यापारी मनुष्य मात्र दुखणे थांबताच पुन्हा गादीवर जाऊन बसतो.

दातांच्या बाबतीत घरोघरी होणारी चूक हीच, की संकटाचे माप वेदनेने घेतले जाते. चार रात्री झोप न देणारी दाढ पाचव्या दिवशी अचानक शांत झाली, तर बहुधा दातातील नस मेलेली असते आणि जंतूंचा मुक्काम मुळाच्या टोकाशी हललेला असतो. वसुलीचा तगादा थांबला म्हणून कर्ज फिटले, असे पेढीवर कोणी समजत नाही. येथे मात्र तसे समजले जाते. पुढे गालावर सूज येते. ती फारशी दुखत नाही, म्हणून रविवारपर्यंत थांबले जाते, आणि रविवारी बहुतेक दवाखाने बंद असतात.

ही सूज खालच्या दाढांपासून जबड्याखाली आणि जिभेखाली उतरली, तर जीव धोक्यात येतो. जर्मनीतील स्टुटगार्ट येथील वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्यापूर्वी त्यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. मृत्यू दाताने येत नसे. सुजेने श्वासाची वाट बंद होई. आज तो बरा होतो, पण रुग्ण वेळेत पोहोचला तर. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. तोंडात दोन बोटे उभी मावत नाहीत, लाळ गिळवत नाही, आवाज घोगरा झाला, जीभ वर उचलली गेली, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकते आहे, अंगात ताप आहे. यांतील एकही खूण दिसली तर कोपऱ्यावरच्या दवाखान्याची वेळ विचारत बसू नये. मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करावा. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर सकाळपर्यंत थांबण्याचा विचारही करू नये, कारण त्याच्या शरीरात असा संसर्ग फार लवकर पसरतो.

नवी मुंबई या बाबतीत भाग्यवान आहे. नेरूळ येथे डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम, अशी दंत महाविद्यालये एवढ्याशा पट्ट्यात उभी आहेत. तेथे जबड्याची शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ असतात आणि खर्चही खासगी दवाखान्याहून सहसा कमी येतो. तथापि महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग दिवसाचा असतो. रात्री किंवा सणाच्या दिवशी, ज्या संस्थेचे स्वतःचे सर्वसाधारण रुग्णालयही आहे तिकडे वळावे. नेरूळच्या दोन्ही संस्था आणि कामोठे येथे तशी सोय आहे. दूरध्वनी क्रमांक आजच मिळवून दुकानातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. दिवाळीच्या पाडव्याला शोधाशोध करणे कठीण जाते.

दुसरे संकट मुलांचे. सोसायटीच्या आवारात सायकलवरून पडून पुढचा पक्का दात मुळासकट निघून येतो, आणि आई तो कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकते. दात कोरडा पडला की मुळावरील जिवंत पेशी तासाभरात मरतात. त्याऐवजी दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये, घासू नये, साबण तर मुळीच नको. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून काढावा आणि शक्य असल्यास तेथल्या तेथे खाचेत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. ते धैर्य नसेल तर वाटीभर थंड दुधात दात ठेवून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. दूध कोणत्याही घरात सापडते आणि येथे ते पाण्यापेक्षा कितीतरी चांगले. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला त्याने इजा पोहोचते. पडल्यानंतर मूल बेशुद्ध झाले असेल किंवा ओकत असेल, तर आधी डोके तपासावे, दात नंतर.

दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल तर चुळा भरण्याचा मोह आवरावा. गॉजची जाड घडी जखमेवर ठेवून वीस मिनिटे घट्ट चावून बसावे, मध्येच उघडून पाहू नये. तरीही न थांबल्यास डॉक्टरांकडे जावे. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही गोष्ट दाढ काढण्यापूर्वीच सांगावी, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाचा खालचा जबडा जिना चढताना दुखतो, घाम फुटतो आणि बसल्यावर बरे वाटते, तर दुखणे दाढेचे नसून हृदयाचे असू शकते. तेथे दंतवैद्य नको, ईसीजी हवा.

चौविहार किंवा उपवास चालू असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. बऱ्याच औषधांच्या वेळा सूर्यास्ताच्या आत बसवता येतात. न सांगता रात्रीची मात्रा गाळली, तर सूज दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन भेटते. पसरत्या संसर्गात मात्र रात्रीचे औषध टळत नाही. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत. त्याविषयी गुरुमहाराजांना विचारण्यात संकोच कसला?

राहिला पैशाचा प्रश्न. रूट कॅनल, कॅप, दाढ काढणे हा खर्च बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत वगळलेला असतो, हे पॉलिसी घेताना कोणी वाचत नाही. अपघात किंवा आजारामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर मात्र दाव्याला जागा असते. अशा वेळी दाखल झाल्यापासून २४ तासांत विमा कंपनीला कळवण्याची अट बहुधा असते. तेव्हा मूळ बिले, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड एका फाइलमध्ये लावून ठेवावे.