पैशापैशाने पेटलेली भट्टी

रायगडच्या किनाऱ्यावर वारसा म्हटले की कुलाबा आणि जंजिरा डोळ्यांपुढे येतात. हे जलदुर्ग जपलेच पाहिजेत. परंतु बोरघाट चढून गेल्यावर तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली सुरू झालेला पैसा फंडाचा काच कारखाना वारशाच्या यादीत सहसा कोणी धरीत नाही. राजाची तटबंदी वारसा ठरते आणि रयतेची भट्टी ठरत नाही, हा केवळ विसराळूपणा नव्हे. ती वर्गदृष्टी आहे.

या कारखान्यामागे कोणा एका धनिकाची थैली नव्हती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक लाख माणसांनी पैसा दिला, तरी जमणार १५६२ रुपये ८ आणे! या हिशेबात रकमेपेक्षा देणाऱ्यांची संख्या मोलाची होती.

काचेची भट्टी एकदा पेटली की रात्रंदिवस पाळ्या लावून राखावी लागते. फुंकणीच्या टोकावरचा तप्त गोळा केव्हा फिरवावा, किती फुंकावा, हे हाताने हाताला शिकवायचे ज्ञान. परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तळेगावात कारागीर तयार झाले आणि त्यांनी ही विद्या देशभर नेली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्याच्या प्रभाकर कंदिलाने खेडोपाडी उजेड पोहोचविला. पुढे वीज आली, कंदील मागे पडला आणि ओगलेवाडीची भट्टीही थंडावली.

प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षांची अट घालतो. तळेगावने ती २००८ मध्ये, ओगलेवाडीने २०१६ मध्ये पुरी केली. तेव्हा आड येते ती अट नव्हे, दृष्टी. इंग्लंडमध्ये वर्डस्ली येथील रेड हाऊस ही अठराव्या शतकातील शंकूच्या आकाराची काचभट्टी १९३६ पर्यंत चालली. आज तिथे संग्रहालय आहे.

बेकारी वाढत असताना जुन्या विटा कशाला जपायच्या, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण जपायचा आहे तो एक पुरावा : उद्योग उभारणे ही केवळ बड्या भांडवलाची मिरास नाही. बंद कारखान्याच्या जमिनीचा भाव तत्काळ ठरतो. तिथल्या साच्यांची, हजेरीपटांची आणि वृद्ध कामगारांच्या आठवणींची नोंद मात्र कोणी घेत नाही. जमिनीचा व्यवहार होण्यापूर्वी ही नोंद सक्तीची करावी. ज्यांनी पैसा दिला आणि ज्यांनी श्वास फुंकला, त्यांचे एवढे देणे समाजावर आहे.