यंत्र अडले, तर धान्य का अडावे?

छत्तीसगडने रेशनची गळती रोखली ती अंगठ्याचे यंत्र येण्यापूर्वी. आता त्याच यंत्राच्या नोंदीवरून शिधापत्रिका निष्क्रिय होणार असतील, तर यंत्राच्या बिघाडाचा भार कार्डधारकाने नव्हे, शासनाने वाहायला हवा.

केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. ज्या कुटुंबाने सलग सहा महिने धान्य उचलले नाही, त्याची शिधापत्रिका तात्पुरती निष्क्रिय करायची, त्यानंतर तीन महिन्यांत प्रत्यक्ष पडताळणी आणि ई-केवायसी करून ते कुटुंब पात्र आहे की नाही हे ठरवायचे, असे या दुरुस्तीचे एक कलम सांगते. प्रत्येक लाभार्थ्याने दर पाच वर्षांनी ई-केवायसी करावी, असे दुसरे कलम सांगते. देशात सुमारे 81 कोटी लोकांना जानेवारी 2023 पासून धान्य मोफत दिले जाते. एवढ्या मोठ्या खर्चाच्या योजनेत याद्या अद्ययावत ठेवल्याच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप निराळा आहे. धान्य न उचलणे आणि धान्य न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र यंत्राच्या नोंदवहीत त्या दोन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात.

हा फरक समजून घ्यायला भिलाईइतके योग्य शहर दुसरे नाही. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच्या शेजारी आखीवरेखीव सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि नव्या भारताचे प्रतीक म्हणून ती मिरवली गेली. परंतु सेक्टरांच्या बाहेर सुपेला, खुर्सीपार, कॅम्प, छावणी या वस्त्यांमध्ये दुसरी भिलाई वाढत होती. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1990च्या दशकापासून या शहराचा अभ्यास केला. तिथल्या श्रमिकांमधली सर्वांत खोल दरी ‘नोकरी’ आणि ‘काम’ या दोन शब्दांत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. नोकरी असलेल्याला घर, दवाखाना, भविष्यनिर्वाह निधी मिळतो. नुसते काम असलेल्याला ठेकेदाराची हजेरी मिळते आणि तीही आजची. कायम कामगारांची संख्या दशकानुदशके घटत गेली आणि कंत्राटी कामगारांची वाढत गेली. या दुसऱ्या भिलाईसाठी शिधापत्रिका हा शासनाशी असलेला सर्वांत नियमित आणि बहुधा सर्वांत विश्वासार्ह संबंध आहे.

ज्यांच्या हातांवर ही व्यवस्था विसंबून आहे, ते हात मात्र झिजलेले आहेत. लोखंड उचलणारी, सिमेंट कालवणारी, भांडी घासणारी बोटे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. उतारवयात रेषा आणखी पुसट होतात. त्यातच सर्व्हर बंद, जोडणी नाही, आधारवरचा मोबाइल क्रमांक जुना, मुलाचे आधार अद्ययावत केलेले नाही, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, अशा अडचणींची भर पडते. 2018 मध्ये आधार प्राधिकरणाच्या तत्कालीन प्रमुखांनीच सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते की, शासकीय सेवांमधील पडताळणी 88 टक्के वेळा यशस्वी होते. उरलेल्या 12 टक्क्यांतला प्रत्येक प्रसंग उपाशी घराचा असतो, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या प्रयत्नात, दुसऱ्या बोटाने किंवा ओटीपीने अनेकांचे काम होते. परंतु रोजंदारीवरच्या माणसाला दुसरी खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिसऱ्या खेपेला तो धान्याचा नाद सोडतो.

या सगळ्याला ‘गळती रोखण्याची किंमत’ असे म्हटले जाते. छत्तीसगडचा इतिहास तपासला, तर हा युक्तिवाद टिकत नाही. 2000 मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हा इथली रेशन व्यवस्था देशातल्या वाईट व्यवस्थांपैकी होती. 2004 मध्ये राज्याने खासगी दुकानदारांकडून रेशन दुकाने काढून घेतली आणि ती ग्रामपंचायती, महिला बचत गट, सहकारी संस्था आणि वनसुरक्षा समित्यांकडे सोपवली. विक्रीवरचे कमिशन वाढवले, म्हणजे दुकान प्रामाणिकपणे चालवूनही परवडेल अशी सोय केली. धान्य थेट दुकानापर्यंत पोहोचवणारे पिवळे ट्रक आले. ट्रक निघाल्याचा संदेश गावातल्या लोकांच्या मोबाइलवर जाऊ लागला. ठरलेल्या दिवशी सर्वांसमोर वाटप करणारा ‘चावल उत्सव’ सुरू झाला. खरेदीपासून दुकानापर्यंतचा सारा हिशेब संगणकावर आला. स्वस्त तांदळाचा लाभ मोठ्या लोकसंख्येपर्यंत नेल्यामुळे दुकानदाराला जाब विचारणारे आवाजही वाढले. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आधारे केलेल्या अंदाजानुसार 2004-05 मध्ये राज्यातले जवळपास निम्मे रेशनचे धान्य वाटेत गडप होत होते. 2009-10 पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. तोवर कोणीही कोणाचा अंगठा घेतला नव्हता.

तंत्रज्ञानाला छत्तीसगडचा विरोध होता, असा याचा अर्थ नाही. 2012 मध्ये रायपूरमध्ये ‘कोअर पीडीएस’ ही योजना आली आणि पुढे राज्यातल्या इतर शहरांतही गेली. लाभार्थ्याच्या हाती स्मार्ट कार्ड, दुकानात विक्री नोंदवणारे यंत्र आणि शहरातल्या कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेण्याची मुभा, असे तिचे स्वरूप होते. ‘मेरी मर्जी’ या नावानेही ती ओळखली गेली आणि ते नाव मला सार्थ वाटते. एका दुकानदाराने वजनात मारले, ‘उद्या या’ म्हटले किंवा उर्मटपणा केला, तर कार्डधारक दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. गिऱ्हाईक गमावण्याची भीती रेशन दुकानदाराला बहुधा पहिल्यांदाच वाटली. कार्ड चालेना, यंत्र बंद पडे, जोडणी तुटे, या तक्रारी तेव्हाही होत्या. पण त्या योजनेत यंत्र दुकानदारावर नजर ठेवत होते. पुढच्या काळात त्याची नजर गिऱ्हाइकाकडे वळली.

फेब्रुवारी 2017 मधील केंद्राच्या अधिसूचनेने अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभासाठी आधार आवश्यक केले. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेसाठी आधार-पडताळणी करणारी ई-पॉस यंत्रे दुकानोदुकानी लागणार होती. शहरांतर्गत पोर्टेबिलिटीचा देशाला धडा देणारे छत्तीसगड या राष्ट्रीय योजनेत मात्र फेब्रुवारी 2022 मध्ये, 35व्या क्रमांकावर सामील झाले. त्याच्यामागे फक्त आसाम उरले होते.

बोगस कार्डांचे काय, हा प्रश्न रास्त आहे आणि छत्तीसगडला तो चांगलाच ठाऊक आहे. 2013च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी राज्याच्या नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली इतकी कार्डे वाटली गेली की, पुढच्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर छाननी करून ती रद्द करावी लागली. पण या गोंधळावर अंगठा हा उपाय नव्हता. कार्डधारक तोच आहे का, एवढेच अंगठा सांगतो. तो गरजू आहे का, हे सांगत नाही. शिवाय मोठी गळती दुकानाच्या काउंटरवर होते, हे गृहीतकही तपासून पाहावे. फेब्रुवारी 2015 मध्ये राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने छापे घातले. तेव्हा आरोप होता तो निकृष्ट तांदूळ स्वीकारण्यासाठी गिरणीमालकांकडून पैसे घेतल्याचा. भिलाईतल्या आजीबाईंनी दहाही बोटे यंत्रावर टेकवली असती, तरी गोदामाच्या पातळीवरचा हा व्यवहार पकडला गेला नसता.

शेजारच्या झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी केलेला मोठा अभ्यास हेच सांगतो. केवळ बोटांच्या ठशांची सक्ती केल्याने तिथे गळतीत फरक पडला नाही. ज्या कुटुंबांचे आधार कार्डाशी जोडलेले नव्हते, त्यांचा वाटा मात्र घटला. त्याच झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर 2017 मध्ये 11 वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या कुटुंबाचे कार्ड रद्द झालेले होते. मृत्यूच्या कारणावरून वाद झाला, पण कार्ड रद्द झाले होते हे वास्तव राहिले. त्यानंतर 24 ऑक्टोबर 2017 रोजी केंद्राने राज्यांना लेखी कळवले की, आधार नाही, ठसा जुळला नाही किंवा जोडणी नाही, या कारणांवरून कोणालाही धान्य नाकारू नये. ही सूचना योग्य आहे. मात्र दुकानात उभ्या असलेल्या माणसाला तिचा उपयोग व्हायचा, तर नकाराची नोंद व्हायला हवी, आणि ती कुठेच होत नाही.

यंत्र कधी ना कधी बंद पडणारच, हे गृहीत धरून व्यवस्था आखता येते. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नखरेदीची मदत इलेक्ट्रॉनिक कार्डावर मिळते. 12 ऑक्टोबर 2013 रोजी सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि 17 राज्यांतली कार्डे काही तास बंद पडली. अनेक कुटुंबांना भरलेल्या ट्रॉल्या दुकानातच सोडाव्या लागल्या. पण तिथे अशा वेळेसाठी हाताने भरायच्या पावतीची तरतूद आधीपासून आहे. दुकानदार पावतीवर नोंद करून ठरावीक रकमेपर्यंतचा माल देऊ शकतो. त्या दिवशी काही दुकानांनी तसे केलेही. आपल्याकडे सर्व्हर बसला की दुकानदार खांदे उडवतो आणि रांग पांगते.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या वाचकाला दूरचा वाटू नये. दुर्ग, भिलाई, राजनांदगाव हा सारा टापू एकेकाळी नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि हावडा-मुंबई लोहमार्गाने तो आजही विदर्भाशी बांधलेला आहे. नागपुरातली बांधकामे आणि वीटभट्ट्या छत्तीसगडी मजुरांच्या श्रमावर उभ्या आहेत. त्यांचे कार्ड आता नागपुरात चालते, ही मोठी सोय आहे. मात्र चालते ते केंद्राच्या हिश्शापुरते, म्हणजे माणशी पाच किलो. छत्तीसगड सरकार तीन ते पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला 35 किलो तांदूळ देते. चौघांच्या कुटुंबाच्या वाट्याला केंद्राचे 20 किलो आणि राज्याचे 15 किलो येतात. हे 15 किलो राज्याच्या सीमेपलीकडे जात नाहीत. सहा महिने परराज्यात राबून तिथेही यंत्राने अंगठा स्वीकारला नाही, तर नव्या नियमानुसार हा मजूर ‘धान्य न उचलणारा’ ठरेल. घरी पडताळणीला आलेल्या कर्मचाऱ्याला दाराला कुलूप दिसेल. शासनाच्या दृष्टीने तो नाहीसा होईल आणि प्रत्यक्षात तो दोन-तीनशे किलोमीटरवर विटा उचलत असेल.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 मध्ये यावर उत्तर आहे. कलम 8 नुसार हक्काचे धान्य न मिळाल्यास लाभार्थी अन्नसुरक्षा भत्त्याला पात्र आहे. 2015 च्या नियमांनी त्याची रक्कम हमीभावाच्या सव्वापटीशी जोडली आहे. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोगही कायद्याने नेमलेले आहेत. अडचण पुराव्याची आहे. मी दुकानात आलो होतो आणि रिकाम्या हाताने परतलो, हे कार्डधारकाने सिद्ध कसे करायचे? यशस्वी व्यवहाराची पावती मिळते, अयशस्वी प्रयत्नाची मिळत नाही.

म्हणून माझ्या सूचना चारच आहेत. पहिली, पडताळणी फसल्यास यंत्राने त्याचीही छापील पावती द्यावी, आणि यंत्रच बंद असेल तर दुकानदाराने ती हाताने द्यावी. दुसरी, अशा पावतीवर त्याच दिवशी नोंदवहीत सही घेऊन धान्य द्यावे आणि पडताळणी नंतर करावी. तसे देणाऱ्या दुकानदाराला त्याचा कोटा भरून मिळावा, अन्यथा तो जोखीम घेणार नाही. तिसरी, सहा महिन्यांच्या हिशेबात अयशस्वी प्रयत्न ‘हजर’ म्हणून मोजावा. तसेच कार्ड निष्क्रिय करण्याआधी कुटुंबाला लेखी सूचना द्यावी आणि कामानिमित्त बाहेर असलेल्यांना जिथे आहेत तिथूनच ई-केवायसी पूर्ण करू द्यावी. चौथी, कोणत्या दुकानात किती प्रयत्न फसले याचे आकडे दरमहा जाहीर व्हावेत. छत्तीसगडने ट्रक आणि साठ्याचे हिशेब लोकांपुढे ठेवून नाव कमावले. फसलेल्या अंगठ्यांचा हिशेब ठेवणे त्याला अवघड नाही.

यातली एकही सूचना खर्चिक नाही आणि एकीमुळेही बोगस कार्डांना अभय मिळत नाही. उलट, फसलेल्या प्रयत्नांची नोंद झाली, तर कोणते यंत्र नादुरुस्त आहे, कुठे जोडणी नाही आणि कोणता दुकानदार यंत्राचे निमित्त करून धान्य दाबतो, हे प्रशासनाला पहिल्यांदाच कळेल. सहा महिन्यांच्या नियमाची अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. पहिल्या याद्या निष्क्रिय करण्यापूर्वी छत्तीसगडने आणि महाराष्ट्रानेही ही पावती सुरू करावी. एखादे कुटुंब सहा महिने दुकानात फिरकले नाही की सहा महिने रिकाम्या पिशवीने परतले, हे ठरवण्यासाठी शासनाकडे आज दुसरे कोणतेही साधन नाही.